मीटरवरचं प्लास्टिक घासायच्या आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा

दसरा झाला की सोसायटीतून, मित्रांकडून, मामे-चुलत भावंडांच्या ग्रुपवरून मला एकच प्रश्न येतो, गाडीच्या मीटरवर कुंकवाचा डाग बसलाय, जात नाहीये, काय लावू? एप्रिल-मे आला की दुसरा प्रश्न, परफ्यूमची बाटली कलंडली आणि मीटरसमोरचं प्लास्टिक पांढरं पडलंय. आणि पावसाळ्यात तिसरा, सगळं धूसर धूसर दिसतंय, ही बुरशी आहे का. फोनवर दर वेळी तेच सांगतो, पण फोनवर सांगितलेलं अर्धंच लक्षात राहतं आणि उरलेलं अर्धं लोक यूट्यूब बघून पूर्ण करतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आमच्याकडे बाबांची मारुती ८०० अजून आहे आणि ती नुसती ठेवलेली नाही, चालवतो. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत बंद झालं, त्यामुळे तिचा मीटरचा अख्खा सेट हवा असेल तर पुण्यात नाना पेठेत चकरा मारा नाहीतर भंगारातल्या गाडीचा काढून आणा, आणि तो भंगारातला बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त उन्हाने तापलेला असतो. म्हणजे जे आहे तेच सांभाळायचं आणि तेच पुन्हा स्वच्छ करायचं. नवीन गाडीवाल्यांना वाटतं आपला काय संबंध, पण नवीन गाडीत तर अजून वाईट, तिथे प्लास्टिकला ओरखडे आले म्हणून विचारायला गेलं की बरेचदा उत्तर येतं "सर, पूर्ण क्लस्टर बदलावा लागेल", कारण समोरचं प्लास्टिक वेगळं सुटं मिळतच नाही. हजारो रुपयांचा क्लस्टर, म्हणजे मीटरचा अख्खा सेट, आणि खराब काय झालंय तर समोरचा दोन मिलीमीटरचा पारदर्शक पत्रा. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातले बहुतेक डाग घरी निघणारे असतात.

आता मुद्द्याचं. सगळे विचारतात "काय लावू". त्याच्या आधी विचारायचं असतं की डाग नेमका कुठे आहे. डाग वर बसलाय, की आत मुरलाय, की डाग नाहीच आणि प्लास्टिकच बदललंय, की मुळात तो आतल्या बाजूने आहे? या चारही गोष्टी ड्रायव्हर सीटवरून बघितलं तर सारख्याच दिसतात, धूसर पांढरट पट्टा. आणि चौघांचा इलाज वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की आगीतून फुफाट्यात.

ओळखायला एक सोपी गोष्ट करा. आधी बोटाने पाण्याचा एक थेंब त्या धूसर जागेवर ठेवा. पुसू नका, नुसता ठेवा आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. थेंबाच्या खालचा भाग एकदम स्वच्छ, काचेसारखा दिसायला लागला तर समजायचं की तो डाग नाही, बारीक बारीक ओरखडे आहेत. असं होतं कारण ओरखड्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून ते पांढरं दिसतं, पाण्याने ती खाच भरली की विखुरणं कमी होतं. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि अॅक्रिलिकचा साधारण १.४९, म्हणजे पाणी हवेपेक्षा प्लास्टिकच्या बरंच जवळ आहे, एवढं शाळेतलं फिजिक्स इथे पुरतं. थेंब ठेवूनही धूसरपणा तसाच राहिला तर मग एकतर तो आतल्या बाजूने आहे किंवा प्लास्टिकच्या पोटात भेगा गेल्यात. आणि थेंबाच्या कडेने रंग सुटायला लागला, पिवळसर लालसर, तर तो वर बसलेला रंग आहे, आनंद माना, तो जाणार आहे. पाणी जरासुद्धा न पसरता मण्यासारखं गोल उभं राहिलं किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर डॅशबोर्ड पॉलिशचा सिलिकॉनचा थर आहे.

एवढं बघायला मिनिटभर लागतं आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मीटरच्या वर जे असतं ते बहुतेक गाड्यांमध्ये अॅक्रिलिक असतं, काही गाड्यांत पॉलिकार्बोनेट. अॅक्रिलिकमधून ९२ टक्के उजेड आरपार जातो, उन्हात ते सहज पिवळं पडत नाही, ओरखड्यालाही त्यातल्या त्यात बरं, पण ठिसूळ. पॉलिकार्बोनेट मार खातं, तुटत नाही, पण पृष्ठभाग मऊ, पटकन ओरखडे येतात आणि वर कोटिंग नसेल तर उन्हाने पिवळं पडतं, हेडलाइट पिवळे पडतात ते याच कारणाने. आपल्याकडे कोणतं आहे हे बघायचं तर काढलेल्या लेन्सच्या, म्हणजे या पारदर्शक प्लास्टिकच्या, मागच्या बाजूला किंवा कडेला बारीक अक्षरात साच्यातच उठवलेलं असतं, पीएमएमए म्हणजे अॅक्रिलिक आणि पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. ही अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी असतात, चष्मा लावून बघा.

आता कुंकू. हळद-कुंकवाचं पाणी करून बोटाने स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, मीटरवर टिळा लावतात, वर झेंडूची पाकळी चिकटवतात, आणि मग गाडी दुपारभर उन्हात. पार्किंगला सावली नसेल तर डॅशबोर्ड सत्तर अंशाच्या आसपास सहज तापतो, म्हणजे ते कुंकू तिथे अक्षरशः भाजलं जातं. यातली हळद त्रास देत नाही हे लोकांना माहीतच नसतं. हळदीचा पिवळा रंग म्हणजे करक्युमिन, तो पाण्यात जवळपास विरघळत नाही म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने जात नाही, पण उन्हात टिकतही नाही. आई पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग धुवून उन्हात टाकायची आणि संध्याकाळपर्यंत तो फिका पडायचा, इथेही तेच. साबणाच्या पाण्याने पुसताना तो डाग एकदम लालभडक होईल, घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते, चुना घातला की होते तशीच. स्वच्छ पाण्याने पुसलं की परत पिवळी. मग ऊन खाऊ द्या, काही दिवसात उडतो. घासू नका फक्त.

बाजारचं कुंकू मात्र वेगळं. हळद आणि चुन्याचं असेल तर वरच्यासारखंच, पण आजकालच्या बऱ्याच कुंकवात रासायनिक रंग असतो, आणि तो प्लास्टिकवर आधीपासून असलेल्या बारीक ओरखड्यांत जाऊन बसतो. म्हणजे गुळगुळीत नव्या प्लास्टिकवरून तेच कुंकू सहज निघतं आणि वर्षानुवर्षं कोरड्या फडक्याने पुसलेल्या मीटरवर गुलाबी रेषा उमटून राहतात. या रेषा बघितल्या की लगेच कळतं की इथे रोज सकाळी पिवळ्या फडक्याने गोल गोल पुसलं जातं. ती धूळ असते ना डॅशबोर्डवरची, ती नुसती माती नसते, तिच्यात बारीक वाळू असते, आणि वाळू प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. कोरडं पुसणं म्हणजे वाळू घासणं. शिवाय कोरडं घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ते हवेतली धूळ उलट स्वतःकडे ओढून घेतं, म्हणून पुसल्यावर तासाभरात परत धूळ बसलेली दिसते आणि माणूस परत पुसतो.

धुवायची पद्धत अशी. आधी फुंकर किंवा मऊ ब्रशने सुटी धूळ उडवायची, दाढीचा जुना ब्रश याला फार छान. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. फडकं मायक्रोफायबरचं, नाहीतर जुन्या धोतराचं मलमल झालेलं, पण शिवण नसलेला तुकडा घ्या, शिवणीचा दोरा ओरखडे पाडतो. फडकं पिळून घ्यायचं, टपकता कामा नये कारण मीटरच्या खालच्या फटीतून पाणी आत सर्किटवर जातं. डागावर ते ओलं फडकं नुसतं टेकवून ठेवा, पाच-दहा मिनिटं, डाग भिजू दे. मग एका दिशेने हलक्या हाताने ओढायचं, प्रत्येक वेळी फडक्याची नवीन घडी. दुसऱ्या फडक्याने साधं पाणी. तिसऱ्याने टिपायचं, घासायचं नाही. अगरबत्तीच्या धुराचा तपकिरी थर, चहाचे शिंतोडे, नारळाच्या पाण्याचे डाग, पावसाळ्यातली बुरशीची पावडर, हे सगळं एवढ्याने जातं. लोकांचा विश्वास बसत नाही कारण यात काही विकत आणायचं नसतं.

गणपतीच्या मूर्तीखालच्या डबल टेपचा चिकट थर हा अजून एक प्रकार. मूर्ती बहुतेक वेळा मीटरच्या वरच्या कडेवर बसवतात, उन्हाने टेपचा गोंद वितळून खाली ओघळतो आणि प्लास्टिकवर येतो. इथे लोक सरळ थिनर किंवा आईच्या कपाटातलं नेलपॉलिश रिमूव्हर घेतात, आणि खेळ खलास. थिनर आणि अॅसिटोन प्लास्टिकला विरघळवतात, डाग निघत नाही, डागासकट पृष्ठभाग निघतो. चिकट गोंदाला खोबरेल तेल लावा, पाच मिनिटं थांबा, अंगठ्याने गोळा करत आणा, गोंदाच्या गोळ्या होऊन सुटतात, आणि लगेच साबणाच्या पाण्याने तेल काढून टाका. त्याने नाही झालं तर फडक्याच्या टोकाला किंचित रॉकेल, आधी कोपऱ्यात लावून बघायचं, आणि तेही लगेच धुवायचं. पेट्रोल नको, अजिबात नको.

सिलिकॉनचं पॉलिश मीटरवर गेलं असेल तर पाण्याने हलत नाही, भांड्यांच्या लिक्विडने दोन-तीनदा करावं लागतं, चिकाटीचं काम आहे. आणि पुढच्या वेळी पॉलिश डॅशबोर्डवर फवारू नका, फडक्यावर घ्या, अर्धा त्रास तिथेच संपतो.

आता सगळ्यात जिवाला लागणारा प्रकार. कोविडच्या काळात सगळ्यांनी गाडीत सॅनिटायझर ठेवलं आणि त्यानेच स्टिअरिंग, गिअर, मीटर पुसलं. सॅनिटायझरमध्ये ७० ते ८० टक्के अल्कोहोल असतं. अॅक्रिलिकचा तुकडा साच्यात ओतून थंड होतो तेव्हा त्याच्या आत ताण राहून गेलेला असतो, विशेषतः स्क्रूच्या भोकांपाशी, लॉकच्या कोपऱ्यांत, वळणावर. अशा ताणलेल्या जागी अल्कोहोल लागलं की बारीक भेगांचं जाळं उठतं. टॉर्च तिरका मारला की चांदीच्या तारांसारखं चमकतं, सरळ बघितलं तर नुसतं धुकं. हे नुसतं पृष्ठभागावर नसतं, आत उतरलेलं असतं, म्हणूनच पाण्याच्या थेंबाने ते लपत नाही. कार परफ्यूम सांडलं तरी बरेचदा असंच होतं, त्यातही सॉल्व्हंट असतात, आणि वर ते प्लास्टिक फुगवून मऊही करतं. अमोनियावाले काच साफ करायचे स्प्रे पण या प्लास्टिकपासून लांबच ठेवा, ते खऱ्या काचेसाठी आहेत, विंडशील्डला मारा खुशाल.

या भेगांना पॉलिश करून काही होत नाही. फार उथळ असतील तर घासून खाली उतरता येतं, नाहीतर ती लेन्स गेली. हे मी स्पष्ट सांगतो कारण यावर लोकांनी फार वेळ आणि पैसे घातलेले बघितलेत. तिथे जुन्या मीटरची लेन्स शोधा किंवा अॅक्रिलिकचं काम करणाऱ्या साइनबोर्डवाल्याकडे जा. लेन्स सपाट असेल तर तो त्याच मापाचा पत्रा कापून देतो, वळणदार असेल तर मात्र अवघड आहे.

ओरखड्यांचं काम मला मनापासून आवडतं. थेंबाच्या परीक्षेत जे पास झालं ते सगळं परत स्वच्छ होऊ शकतं, आणि ते होताना बघणं यासारखं समाधान नाही. ही विद्या खरं तर घड्याळवाल्यांची. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं करायला सुरुवात केली, त्या जुन्या चावीच्या घड्याळांवर असंच अॅक्रिलिक असतं, आणि घड्याळवाले काका टूथपेस्ट किंवा पितळ चकचकीत करायचं ब्रासो घेऊन कापडावर ती काच पाच मिनिटांत नवी करून देतात. मीटरला तेच लागू आहे, फक्त क्षेत्र मोठं आणि धीर जास्त लागतो.

हलके ओरखडे असतील तर पांढरी टूथपेस्ट पुरते, जेलवाली नाही. टूथपेस्टमध्ये जो घासणारा पदार्थ असतो तो फार बारीक असतो. ओल्या मलमलवर वाटाण्याएवढी घेऊन, बोटाच्या टोकाने, दाब न देता, आधी आडवं मग उभं. सुकू द्यायची नाही, सुकली की पाण्याचा हात लावायचा. त्याच्यापेक्षा प्लास्टिकसाठीचं पॉलिश मिळालं तर उत्तम, ऑनलाइन मिळतं, घड्याळाच्या काचेसाठीचं पॉलिवॉच म्हणून छोटं ट्यूब येतं ते अॅक्रिलिकवर फार सुंदर चालतं पण मोठ्या मीटरला महाग पडतं. ब्रासोमध्ये सॉल्व्हंट आणि अमोनिया असतं, घड्याळाच्या काचेला क्षणभर चालून जातं, मीटरच्या एवढ्या मोठ्या ताणलेल्या तुकड्यावर मी वापरत नाही.

नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर पॉलिशने जाणार नाही, तिथे वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक. पेंटवाल्याच्या दुकानात २००० नंबरचा सहज मिळतो, ३००० आणि ५००० गाडीच्या पॉलिशिंगचं सामान विकणाऱ्याकडे. पेपर आधी पाण्यात भिजत ठेवा, पाण्यात साबणाचा थेंब. २००० ने एकाच दिशेने घासायचं, आणि फक्त ओरखड्यावर नाही, आजूबाजूचा तळहाताएवढा भाग धरून, नाहीतर तिथे खळगा पडतो आणि मग मीटरचे आकडे त्या जागी वाकडे दिसतात. आता इथे बऱ्याच जणांचं धैर्य सुटतं, कारण आत्तापर्यंत एक ओरखडा होता तिथे सगळं प्लास्टिक दुधासारखं पांढरं होतं. ते व्हायलाच पाहिजे. पाणी मारून पुसा, जुना ओरखडा अजून दिसतो का बघा, दिसेनासा झाला तरच पुढच्या नंबरवर जायचं. ३००० ने आधीच्या दिशेला काटकोनात घासायचं, म्हणजे २००० च्या रेषा कधी संपल्या ते कळतं. मग ५०००, परत दिशा बदलून. प्रत्येक नंबर बदलताना फडकं, पाणी, हात सगळं धुवा, जाड पेपरचा एक कण जरी पुढे आला तरी एक नवीन लांब रेघ ओढून जातो. ५००० च्या शेवटी प्लास्टिक दुधाळ नाही, धुरकट दिसतं, आणि मग त्यावर पॉलिश लावलं की एका कोपऱ्यातून आतले आकडे वर यायला लागतात, आधी १२० दिसतो, मग सुई, मग पेट्रोलच्या काट्याची लाल रेघ. त्या क्षणी थांबून बघावंसं वाटतं.

ड्रिलला बफ, म्हणजे पॉलिशचं गोल मऊ चाक, लावून हे काम करू नका. प्लास्टिक उष्णता पुढे नेत नाही, ती घासलेल्या जागीच साठते आणि अॅक्रिलिक शंभर अंशाच्या पुढे मऊ पडायला लागतं, बफ एका जागी दोन सेकंद जास्त थांबला की पृष्ठभाग ओढला जातो. हातानेच करा. गॅरेजमध्ये बॉडीसाठीचं रबिंग कंपाउंड पुढे करतील, तेही जाड असतं.

वॉटर पेपरचं काम गाडीत बसून होत नाही, लेन्स काढावी लागते. आमच्या ८०० सारख्या जुन्या गाडीत सोपं आहे, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मीटरभोवतीच्या कव्हरचे स्क्रू, मग मीटरचे, मागून स्पीडोमीटरची केबल आणि वायरचे सॉकेट. काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. लेन्स लॉकवर बसलेली असते आणि जुनी लॉक थंडीत कटकन तुटतात, म्हणून मीटर आधी उन्हात थोडा गरम होऊ द्या, मग पातळ प्लास्टिकच्या पट्टीने एकेक लॉक सोडवा. लेन्स निघाली की आतल्या सुईला आणि काळ्या तबकडीला हात लावायचा नाही, ओलं फडकं तर नाहीच, तबकडीवरची छपाई निघते. तिच्यावरची धूळ फक्त फुंकरीने. आतल्या बाजूचा धूसर थर हा बहुतेक गरम डॅशबोर्डमधून निघालेल्या वाफांचा असतो, विंडशील्डच्या आतून जो तेलकट पापुद्रा धरतो तोच, साबणाच्या पाण्याने नळाखाली निघून जातो. लेन्स पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नका नाहीतर पहिल्याच पावसात आतून वाफ धरेल.

स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेली गाडी असेल तर मीटर काढायच्या भानगडीत घरी पडू नका, माहीतगार मेकॅनिककडून काढून घ्या आणि लेन्सचं काम तुम्ही करा. आणि नवीन गाड्यांमधला तो स्क्रीनवाला मीटर किंवा मधला टचस्क्रीन, त्यावर अँटी-ग्लेअर कोटिंग असतं, त्याला टूथपेस्ट, पॉलिश, पेपर काहीही लावायचं नाही. कोटिंग ठिपक्या-ठिपक्यांत उडतं आणि ते परत येत नाही. तिथे फक्त ओलं मायक्रोफायबर, आणि गाडी नवीन असतानाच त्या मापाची स्क्रीन गार्ड फिल्म लावून घ्या.

स्कूटर आणि बाइकवाल्यांसाठी पण हेच सगळं, पण तिथे मीटर रात्रंदिवस उन्हापावसात असतो आणि पिवळेपणा बरेचदा प्लास्टिकच्या वरच्या थरात उतरलेला असतो. तो थर २००० च्या पेपरने काढता येतो आणि लेन्स स्वच्छ निघते, पण कोटिंग गेल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात ती लवकर पिवळी पडते, म्हणून अशी लेन्स साफ केल्यावर सीट कव्हरच्या दुकानात जी पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म मिळते तिचा एक तुकडा मापाने कापून वर चिकटवा, आणि फिल्म खराब झाली की फक्त ती बदला. या दसऱ्याला गाडीत टिळा लावायचा असेल तर किल्लीला लावा, स्टिअरिंगच्या मधोमध लावा, मीटरच्या प्लास्टिकवर मात्र हात नेऊ नका, आणि घरातल्या मोठ्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.